पेंटेलकरीणबाईंचं कपाळ

दगडाला आडनाव असतं, हे मनोरमाबाई आंजर्लेकरांना वयाच्या साठीत कळलं, आणि तेही सुनेकडून.

"आई, हा पेंटेलिक संगमरवर," क्षितिजा म्हणाली होती. "ग्रीसमध्ये पेंटेली नावाचा डोंगर आहे. तिथला, म्हणून पेंटेलिक."

"म्हणजे आपण आंजर्ल्याचे म्हणून आंजर्लेकर, तसा हा पेंटेलकर. सरळ सांग की!"

दशरथरावांनी पेपरातून डोकं बाहेर काढलं. "गोत्र पण विचारून घे," म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच खो खो हसले. ही त्यांची जुनी खोड.

क्षितिजा शाळेत चित्रकला शिकवायची, पण तिचा जीव दगडात. मागच्या वर्षी महिनाभर ग्रीसला मूर्तिकामाच्या शिबिराला गेली होती. तिथल्या लोकांनी शेवटी प्रत्येकाला एकेक तुकडा भेट दिला आणि घरपोच पाठवलाही. घरापासून जवळच, नवघरला, तिनं मैत्रिणीबरोबर एक गाळा भाड्यानं घेतला होता. तिथं रोज शाळा सुटल्यावर ठक ठक. त्या तुकड्यातून तिनं काय कोरावं? सासूचं डोकं! नाकीडोळी, कानाच्या पाळीपासून हनुवटीवरच्या खळीपर्यंत, हुबेहूब मनोरमाबाई. त्यासाठी कितीतरी रविवार बाईंना तोंड मिटून बसावं लागलं होतं. दशरथराव म्हणायचे, "पोरी, तू दगडाला बोलतं करशील ते करशील, पण हिला गप्प केलंस हीच खरी कला."

डोकं तयार झालं आणि त्याचं नाव ओघानंच पडलं, पेंटेलकरीणबाई. शेवटचं घासकाम हातानं, पाणी लावून करायचं होतं आणि गाळ्यात धूळ फार, म्हणून ते सिल्व्हर पार्क सोसायटीतल्या घरी आलं आणि हॉलमध्ये शिवणयंत्राच्या टेबलावर विराजमान झालं. शुक्रवारी सकाळी टेम्पो येणार होता. मुंबईतल्या एका मोठ्या प्रदर्शनात क्षितिजाचं हे एकच काम निवडलं गेलं होतं. पहिलंच.

"आई, एवढं सांभाळा," तिनं बजावलं होतं. "वर मेण लावायचंय ते मी गुरुवारी लावीन. तोवर तेलकट हात लावू नका. हा दगड पितो."

"दगड कसला पितो? पुरुष पितात," बाई म्हणाल्या.

सगळं झकास होतं. एकच गोष्ट बाईंना पहिल्या दिवसापासून खटकत होती. एवढं सगळं कोरलं, भुवईचा केस न् केस कोरला, आणि कपाळ मात्र कोरं! त्यांनी विचारलंही, "अगं, एक टिकली कोरायची राहिली का?"

"दगडात रंग नसतो ना, आई. पांढराच छान दिसतो तो. आणि हा पेंटेलिक कायम पांढरा राहतही नाही. आत लोखंडाचा अंश असतो, त्यामुळे म्हातारपणी मधासारखा पिवळसर होतो."

बाई आपल्या कामाला लागल्या. उगाच पोरीच्या कौतुकात मिठाचा खडा कशाला?

आणि मग दशरथरावांच्या छातीत दुखलं. जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. तपासण्या झाल्या, आणि हायवेपलीकडच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, बायपास करावी लागेल, मंगळवारी. घरातला हसरा माणूस गप्प झाला आणि सगळं घरच गप्प झालं. मुलगा चंदन फाइली घेऊन धावायला लागला. क्षितिजानं शाळेतून रजा टाकली. सोमवारी दशरथरावांना भरती केलं. जाताना ते दारात थांबले, शिवणयंत्राकडे बघून म्हणाले, "शुक्रवारी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मी बसणार होतो. राहिलं. पण ऐका, माझ्यापायी पोरीचं काम अडवायचं नाही. काय?"

"अहो, चला आता. शुभ बोला," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बाई डबा करायला घरी आल्या. समोरच्या ब्लॉकमधली मंदा विचारपूस करायला आली. रत्नागिरीकडची, मनानं चांगली, पण जीभ म्हणजे बिनलगामाची. तिनं पेंटेलकरीणबाईंना पहिल्यांदाच पाहिलं आणि दारातच थबकली.

"अगं बाई! काकू, हे तर तुम्हीच!"

"हो, क्षितिजानं केलंय."

मंदा जवळ गेली, आणि तिचा चेहरा उतरला. "पण काकू... हे असं पांढरं कपाळ? उद्या काकांचं ऑपरेशन आणि घरात तुमचंच तोंड असं, कुंकवाबिगर? नको हो. झाका तरी."

झालं! जे बाई स्वतःशीसुद्धा बोलल्या नव्हत्या ते मंदानं मोठ्यानं बोलून टाकलं. वर "मी आपलं सांगितलं" म्हणून निघूनही गेली. बाईंचं लक्ष गॅसवरून उडालं. भाजी करपली. त्यांनी देवाजवळ दिवा लावला, त्याचा उजेड हॉलमध्ये पडला आणि पेंटेलकरीणबाईंचं कपाळ नुसतं लख्ख उजळून निघालं. स्वतःच्याच चेहऱ्याकडे बाईंना बघवेना.

मंगळवारी सकाळी हॉस्पिटलला निघताना त्यांनी आपल्या कपाळाला कुंकू लावलं. बोट करंड्यात पुन्हा बुडालं आणि पाय आपोआप शिवणयंत्राकडे वळले. कुणी बघत नव्हतं. चंदन रात्रभर हॉस्पिटलातच होता, क्षितिजा खाली रिक्षा थांबवून उभी होती. बाईंनी बोट दगडाच्या कपाळाला टेकवलं. पण दगड तो, तोही घासून घासून गुळगुळीत केलेला. कुंकू ठरेना. चिमूटभर घसरलं आणि नाकावरून खाली सांडलं.

कुंकू सांडलं! आणि तेही आज! त्यांनी पदरानं दगडाचं नाक झटकलं, स्वयंपाकघरात धावल्या, खोबरेल तेलाच्या बाटलीत करंगळी बुडवली, थेंबभर तेल त्या कपाळावर लावलं आणि वर कुंकू. आता बसलं. छान गोल, ठसठशीत, जसं त्या स्वतः लग्नापासून लावत आल्या होत्या तसं. "यांना सांभाळ गं," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, त्यांचं त्यांनाच ठाऊक. देवीला, की त्या पेंटेलकरणीला, की स्वतःलाच? मग जुनी सुती साडी तिच्या डोक्यावरून टाकून त्यांनी घाईघाईनं दार ओढून घेतलं.

ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. बाहेरच्या खुर्च्यांवर सगळे नुसते दाराकडे बघत बसले होते. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वर. बाईंच्या डोळ्यांपुढे दशरथराव येत नव्हते, साडीखालचा तो लाल ठिपका येत होता. राहिला असेल ना? घसरला नसेल ना? शेवटी डॉक्टर बाहेर आले, "झालं व्यवस्थित," म्हणाले. चंदननं त्यांचे हात धरले. बाईंनीही हात जोडले. डॉक्टरांच्या हाताला यश होतं, कबूल. पण मनात त्या म्हणाल्या, राहिलं बाई कुंकू.

बुधवारी त्या डबा करायला घरी आल्या तेव्हा मन जरा थाऱ्यावर होतं, आणि म्हणूनच त्यांना क्षितिजाचं बोलणं आठवलं. दगड पितो! अरे देवा! त्यांनी साडी उचलली. कुंकू होतं तिथंच होतं, पण त्याच्या कडेला आता तेलाचं एक फिकट वर्तुळ पसरलं होतं. काल एवढं नव्हतं. बाईंनी फडकं ओलं केलं, हात वर नेला, आणि तो वरच राहिला.

पुसायचं? काय पुसायचं?

माहेरी, तेही आंजर्ल्यालाच, त्या सात-आठ वर्षांच्या असताना धाकटे काका गेले होते. माजघरात बायका जमल्या होत्या. काकू मध्ये बसली होती. एकीनं पदर ओला केला आणि तिचं कुंकू पुसलं, एकदाच, खसकन. त्यानंतर त्या कपाळाकडे मनोरमा कधी सरळ बघू शकली नव्हती. आता इथं त्यांच्या हातात ओलं फडकं होतं, समोर त्यांचाच चेहरा होता, आणि नवरा आयसीयूत नळ्यांमध्ये पडलेला. स्वतःच्या हातानं स्वतःचं कुंकू कुठली बाई पुसते? त्यांनी फडकं बेसिनमध्ये टाकलं. साडी पुन्हा वरून टाकली. उद्या, म्हणाल्या. ते बाहेर आले की उद्या.

बुधवारी संध्याकाळी दशरथरावांच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. डॉक्टर म्हणाले, होतं असं, दोन दिवसांत जागेवर येतील, काळजी करू नका. काळजी करू नका म्हणणं फार सोपं असतं हो! बाईंनी मनात एकच हिशोब मांडला. मी फडकं उचललं, ठोके चुकले. नुसतं उचललं तर ही गत, पुसलं असतं तर? गुरुवारी सकाळीही ठोके तसेच होते, आणि आयसीयूतून बाहेर कधी आणणार हे कुणी सांगेना.

गुरुवारी दुपारी क्षितिजा घरी आली. हातात मेणाचा डबा, मऊ कापड, खोक्यात भरायचा थर्माकोल. दोन दिवसांच्या जागरणानं डोळे सुजलेले, तरी पावलात लगबग. "आई, मेण लावते आणि भरून टाकते. उद्या सकाळी टेम्पो. मग मी परत हॉस्पिटलला."

"चहा तरी घे आधी."

"नंतर."

"अगं, दोन घास..."

तोवर साडी बाजूला झाली होती.

क्षितिजानं वाकून जवळून बघितलं. बोट लावलं, बोटाकडे बघितलं.

"कधी लावलंत?"

"मंगळवारी."

"खाली तेल आहे?"

"थेंबभर. ठरत नव्हतं गं."

क्षितिजा तिथंच जमिनीवर बसली. "मी सांगितलं होतं ना, आई! एवढी एकच गोष्ट सांगितली होती. एकच!" तिचा आवाज चढला, आणि या घरात तो पहिल्यांदाच चढला होता. "हा दगड आता परत मिळायचा नाही मला. सहा महिने घासतेय मी त्याला!"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

क्षितिजा तडक उठली. वाडग्यात कोमट पाणी आणि साबण घेऊन आली, कापड पिळलं, आणि बाई मध्ये उभ्या राहिल्या. अक्षरशः आडव्या उभ्या राहिल्या, शिवणयंत्राला पाठ लावून.

"नको. आज नको."

"आई, बाजूला व्हा. जितका वेळ जातोय तितकं आत जातंय ते."

"त्यांचे ठोके अजून जागेवर नाहीत. ते आयसीयूतून बाहेर येऊ दे. मग तू पूस, खरवड, काय वाटेल ते कर. मी काल नुसतं फडकं हातात घेतलं तर..." बाईंनी मागे हात नेऊन टेबलाची कड धरली.

क्षितिजा ओलं कापड हातात घेऊन उभी. पाणी टपटप तिच्या पायावर पडत होतं. आता ही मला वेडी म्हणणार, बाईंना वाटलं. म्हणू दे. बाजूला ढकलणार. ढकलू दे. पण तिनं तसलं काही केलं नाही. कापड वाडग्यात ठेवलं.

"मला हे पटत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "अजिबात पटत नाही. पण मी आत्ता पुसलं आणि उद्या बाबांना साधा ताप जरी आला, तरी तुम्ही माझ्याकडे कसं बघाल ते मला कळतंय. जन्मभर बघाल. तेवढी हिंमत नाही माझ्यात."

तिनं फोन काढला आणि टेम्पोवाल्याला लावला. "भैया, कल मत आना... नहीं, सामान नहीं जा रहा... नहीं, परसों भी नहीं. अगली बार देखेंगे." शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. फोन टेबलावर ठेवून ती बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लागली. नळ सुरू झाला. पूर्ण सोडलेला नळ. असा नळ बायका कशासाठी सोडतात, हे मनोरमाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. चाळीस वर्षं त्यांनीही सोडला होता.

हॉलमध्ये आता दोघीच. मनोरमाबाई आणि पेंटेलकरीणबाई.

माझ्यापायी पोरीचं काम अडवायचं नाही, हे दारात उभं राहून म्हणालेला माणूस आज तिकडे पडलाय, आणि आपण त्याच्याच नावानं काम अडवून बसलोय. बाहेर आला की पहिलं हेच विचारेल, टेम्पो गेला का? काय सांगायचं त्याला? तुमच्या नावाचं कुंकू दगडावर होतं, म्हणून नाही गेला? आणि ती पोर. मी नुसतं तोंड उघडलं तर तिनं सहा महिने पाण्यात घातले. आपण होतो तिच्या जागी, तर ऐकलं असतं सासूचं? छे! भांड्याला भांडं लावलं असतं.

बाईंनी वाडग्यातलं कापड उचललं आणि पिळलं. छातीत एवढं धडधडत होतं की तिकडचे ठोके इकडे ऐकू येतायत असं वाटावं. "देवा, मला काय करायचंय ते तुला दिसतंय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "उगाच उलटा अर्थ लावू नकोस. काय करायचं ते मला कर, त्यांना नको." डोळे मिटावेत असं फार वाटलं, पण मिटले नाहीत. डाव्या हातानं त्यांनी तो गार चेहरा मागून धरला, जसा लहानपणी चंदनचा धरायच्या, आणि उजव्या हातानं पुसलं.

एकदा पुसलं. लाल रंग नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळला. त्यांना हुंदका फुटला, पण हात थांबला नाही. कापड बुडवलं, पिळलं, पुन्हा पुसलं. वाडग्यातलं पाणी गुलाबी झालं, मग लाल. त्या पुसत राहिल्या, रडत राहिल्या, आणि मध्येच "गेलं पाहिजे, मेलं गेलं पाहिजे" असं पुटपुटत राहिल्या.

नळ केव्हा बंद झाला ते त्यांना कळलंच नाही. क्षितिजा मागे उभी होती.

"आई!"

"बघ, गेलं का? नीट बघ. मला चष्म्यातून दिसत नाहीये."

क्षितिजा वाकली. कपाळ ओलं होतं आणि पांढरं होतं, आणि मधोमध नखाएवढी फिकट लाली उरली होती.

"एवढं राहणार," ती म्हणाली. "याला तेल शोषणारा लेप लावला तर आणखी थोडं निघेल. पण अगदी नाही जाणार."

"मग? नाही घेणार का ते लोक?"

"घेतील की. मीच पाठवणार." तिनं सासूच्या हातातलं कापड काढून घेतलं. "थांबा, त्या टेम्पोवाल्याला परत..."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर चंदनचं नाव.

दोघी फोनकडे बघत उभ्या राहिल्या. हात पुढे कुणाचाच होईना. आत्ता पुसलं. आत्ता, या क्षणी पुसलं! फोन वाजून वाजून बंद पडला. त्यांना बंद पडल्याचीच भीती वाटली. मग पुन्हा वाजायला लागला. क्षितिजानं एका हातानं सासूचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं स्पीकर लावला.

"कुठे आहात तुम्ही दोघी? फोन का उचलत नाही?" चंदन ओरडत होता. "अगं, ठोके सकाळपासून हळूहळू जागेवर आले. बाबांना आत्ता वॉर्डात आणलं. घ्या, बोला, ऐकतच नाहीयेत."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. फोनमधून खरखर आली, मग खोल विहिरीतून यावा तसा ओळखीचा आवाज.

"अगं... टेम्पो आला का?"

"उद्या येतोय," बाई म्हणाल्या. सुनेकडे बघितलं. सुनेनं मान हलवली, डोळे पुसत हलवली. "उद्या सकाळी येतोय हो."

"मग फोन का नाही उचलत? किती वेळ लावतोय पोरगा."

"पुसत होते."

"काय पुसत होतीस?"

मनोरमाबाईंनी समोर बघितलं. पेंटेलकरीणबाई ओल्या चेहऱ्यानं त्यांच्याकडेच बघत होत्या.

"ओटा हो," त्या म्हणाल्या. "दुसरं काय पुसणार मी?"